स्वीकारलेलं क्रेडिट आणि मोजलेलं क्रेडिट

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्थानिक कॉलेज, संपवून विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ईमेल आला: तुमची सगळी क्रेडिट्स स्वीकारली आहेत. केवढं हायसं वाटलं! दिवसा शाळेत मदतनीस म्हणून काम, संध्याकाळी कॉलेज, रात्री मुलांचं जेवणखाण, अशा ओढाताणीतून मिळवलेली क्रेडिट्स होती ती, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची जमा. मग ॲडव्हायजरबाईंनी स्क्रीनवर माझ्या पदवीचा हिशेब उघडला. शैक्षणिक मानसशास्त्र हा विषय मी केला होता, चांगल्या गुणांनी केला होता. त्याची ३ क्रेडिट्स पानाच्या अगदी तळाशी, ‘सर्वसाधारण ऐच्छिक’ या रकान्यात जाऊन बसली होती. आणि वर, शिक्षणशास्त्राच्या रकान्यात, त्याच विषयाच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: अपूर्ण.

क्रेडिट स्वीकारलं होतं, पण मोजलं नव्हतं. तोच विषय, तशीच पुस्तकं, तेच सिद्धांत पुन्हा शिकायचे आणि त्याचे पैसे पुन्हा भरायचे.

अमेरिकेत शिक्षक घडवण्यासाठी कम्युनिटी कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात भागीदारी हवी, असं जे सतत बोललं जातं, त्याचं मूळ या दोन शब्दांमधल्या फरकात आहे. बाहेरून ती भागीदारी म्हणजे दोन अध्यक्ष, एक करार आणि सहीचा फोटो एवढीच दिसते. खरी भागीदारी त्या लाल अक्षरांच्या ओळीवर ठरते. ती कशी बांधतात ते इथे सांगते.

आधी मांडणी समजून घेऊ. इथली पदवी साधारण १२० क्रेडिट्सची. एका विषयाची बहुधा ३ क्रेडिट्स, म्हणजे एका सेमिस्टरभर आठवड्याला तीन तास वर्ग. कम्युनिटी कॉलेज त्यातली पहिली ६० क्रेडिट्स शिकवतं आणि असोसिएट डिग्री देतं. उरलेली ६० विद्यापीठात. ‘दोन अधिक दोन’ म्हणतात ते हेच. कल्पना जुनी आहे. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांनी हायस्कूललाच जोडून दोन वर्षांचं कॉलेज सुरू केलं. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. विद्यापीठाची पहिली दोन वर्षं घराजवळ व्हावीत, एवढाच हेतू.

शिक्षकांच्या बाबतीत या हेतूला आणखी वजन आहे. शिक्षक तयार करणाऱ्या इथल्या जुन्या संस्थांना नॉर्मल स्कूल म्हणत. मेरीलँड राज्यातलं नॉर्मल स्कूल १८६६ साली बॉल्टिमोर शहरात निघालं, १९१५ मध्ये जवळच्या टाउसन गावी गेलं, वाढत वाढत आज ते टाउसन विद्यापीठ झालं आहे. देशभर असंच घडलं. नॉर्मल स्कूल्स मोठी झाली आणि विद्यापीठं बनली. पण ज्या बाईला आपल्याच गावातल्या शाळेत शिकवायचं आहे, जिला घर सोडून वसतिगृहात राहणं शक्य नाही, तिच्या जवळची जागा रिकामी झाली. ती कम्युनिटी कॉलेजने भरून काढली.

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षणशास्त्राच्या वर्गात संध्याकाळी सहाला जाऊन बघा. अर्ध्या बायका थेट शाळेतून आलेल्या असतात, गळ्यात अजून शाळेचं ओळखपत्र असतं. त्या ‘पॅरा’ असतात, म्हणजे वर्गात शिक्षिकेच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनीस. २००२ च्या जानेवारीत सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने गरीब वस्त्यांसाठीच्या केंद्रीय निधीतून पगार घेणाऱ्या पॅरांना अट घातली: दोन वर्षांचं कॉलेज करा, किंवा असोसिएट डिग्री घ्या, नाहीतर परीक्षा पास व्हा. या अटीपायी पुष्कळ पॅरा कॉलेजात आल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणींना वाटलं की इथवर आलोच आहोत, तर पूर्ण शिक्षिकाच का होऊ नये? आपल्या मराठी बायकाही या वर्गांत दिसतात. भारतातली पदवी गाठीशी असते, रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शिकवण्याचा सराव असतो, पण शिकवण्याचा परवाना नसतो.

खर्चाचाही प्रश्न आहेच. २०२३-२४ साली सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजची स्थानिकांसाठीची फी देशभरात सरासरी वर्षाला ४,००० डॉलरच्या आसपास होती. राज्यातल्याच विद्यार्थ्याला सार्वजनिक विद्यापीठात ११,००० डॉलरहून जास्त. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या सरकारी शाळांत शिकवणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के गोरे आहेत आणि वर्गात बसणारी निम्म्याहून जास्त मुलं गोरी नाहीत. कम्युनिटी कॉलेजात शिकणारी माणसं बहुधा त्या मुलांच्याच वस्तीतली असतात. मुलांसारखे दिसणारे, त्यांच्या घरची भाषा बोलणारे शिक्षक हवे असतील, तर ते याच वर्गांतून येतील.

वाट मात्र मध्येच तुटते. कम्युनिटी कॉलेजात पहिल्यांदा येणाऱ्या दहापैकी आठ जण सांगतात की आम्हाला पुढे पदवी घ्यायची आहे. सहा वर्षांत पदवी हातात पडते ती शंभरातल्या सुमारे सोळा जणांच्या. या गळतीची कारणं अनेक आहेत, पैसा आणि घर ही तर आहेतच. पण एक कारण संस्थांनी स्वतःच तयार केलेलं आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली.

ती वाया जातात कशी? कुणी मुद्दाम वाईट वागतं म्हणून नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरीही विद्यार्थिनी पडते.

माझ्या शैक्षणिक मानसशास्त्राचंच बघा. कम्युनिटी कॉलेज फक्त पहिल्या दोन वर्षांचं शिकवतं, म्हणून त्यांच्या विषयाला क्रमांक २०० च्या घरातला. विद्यापीठ तोच विषय तिसऱ्या वर्षी शिकवतं, म्हणून त्यांचा क्रमांक ३०० च्या घरातला. विद्यापीठाचे प्राध्यापक म्हणतात, आमचा विषय वरच्या पातळीचा आहे, तुमचा कसा धरायचा? शिवाय विद्यापीठाच्या डोक्यावर मान्यता देणारी संस्था असते. शिक्षक तुम्ही घडवलात ना, मग तो कशावरून तयार आहे ते पुराव्यानिशी दाखवा, असं ती विचारते. दुसऱ्या कुणी शिकवलेल्याची हमी विद्यापीठाने कशाच्या जोरावर द्यायची? ही भीती खरी आहे. तिला गर्व म्हणून झटकून टाकलं, तर बोलणीच पुढे जात नाहीत.

दुसरा खड्डा याहून खोल. असोसिएट डिग्री दोन जातीची असते. एक पुढे शिकण्यासाठी, दुसरी लगेच नोकरीसाठी. बालवाडी सांभाळण्याचा नोकरीसाठीचा अभ्यासक्रम करणाऱ्या बाईला वाटतं, मी शिक्षिका व्हायच्या अर्ध्या वाटेवर पोचले. पण ती डिग्री पुढे जोडली जावी म्हणून आखलेलीच नसते. नावं जवळजवळ सारखी असतात, फरक एका अक्षराचा. नाव नोंदवायच्या दिवशी हे कुणी समजावून सांगितलं नाही, तर दोन वर्षांनी कळतं.

तिसरा खड्डा शाळाभेटींचा. दोन्हीकडे विद्यार्थ्यांना वर्गात मागे बसून निरीक्षण करायला पाठवतात. तिथे घालवलेले तास इथे धरायचे का? कुणाच्या वर्गात बसली होती, काय लिहून आणलं, कुणी तपासलं, याची नोंद नसेल तर विद्यापीठ ते धरत नाही.

वाया गेलेल्या क्रेडिटचा भुर्दंड तिथेच थांबत नाही. गरीब विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या पेल अनुदानाला २०१२ च्या जुलैपासून आयुष्यभराची मर्यादा आहे, बारा पूर्णवेळ सेमिस्टर्सची. एकच विषय दोनदा करणारी बाई त्या मर्यादेतून दोनदा खर्च करते. शेवटच्या वर्षी, शाळेतल्या सरावासाठी नोकरी सोडावी लागते तेव्हा, अनुदानही संपलेलं असतं.

आता मेरीलँडकडे येते. मला ठाऊक असलेलं सगळ्यात शिकण्यासारखं काम तिथे झालं.

राज्यात १६ कम्युनिटी कॉलेजं. शिक्षक घडवणारी विद्यापीठं त्यांच्यापासून वेगळी. समजा प्रत्येक कॉलेजने दहा विद्यापीठांशी वेगवेगळा करार करायचा म्हटला, तर १६० करार. प्राथमिक, बालशिक्षण, गणित, इंग्रजी असे अभ्यासक्रम वेगळे धरले की त्याची कित्येक पट. एका विद्यापीठाने एक विषय बदलला की सगळ्या कागदांवर पुन्हा खाडाखोड. असे सुटे करार सगळीकडे असतात. कपाटात असतात म्हणा ना, आणि ज्या दोन माणसांनी ते केले ती निवृत्त झाली की तिथेच राहतात.

मेरीलँडने २००१ मध्ये अख्ख्या राज्यासाठी एकच पदवी काढली: असोसिएट ऑफ आर्ट्स इन टीचिंग. अशी राज्यभर चालणारी पदवी देशात पहिलीच. सुरुवात प्राथमिक शिक्षणाने झाली, मग बालशिक्षण, विशेष शिक्षण, आणि माध्यमिकचे गणित, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, इंग्रजी, स्पॅनिश असे विषय आले. सुरुवातीची बोली अशी होती: ही पदवी पूर्ण केलीत, ग्रेडची सरासरी चारपैकी किमान २.७५ ठेवलीत आणि भावी शिक्षकांसाठीच्या ‘प्रॅक्सिस’ परीक्षांपैकी पहिली पास झालात, तर राज्यातलं कुठलंही सार्वजनिक विद्यापीठ आणि सहभागी झालेली खाजगी विद्यापीठं तुमची ६४ पर्यंत क्रेडिट्स अख्खीच्या अख्खी घेतील. एकेक विषय उलगडून, चाळणी लावून बघणार नाहीत.

हे जमलं कसं, तर त्यांनी विषयांची तुलना करायची सोडली. तुमचा २०३ म्हणजे आमचा ३११ का, हा वाद कधी मिटत नाही. त्याऐवजी दोन्हीकडचे प्राध्यापक एका टेबलाशी बसले आणि वेगळा प्रश्न विचारला: दोन वर्षांच्या शेवटी या विद्यार्थिनीला काय यायला हवं? ते लिहून काढायचं, दोघांनी मान्य करायचं. मग कॉलेजने ते तीन विषयांत शिकवावं की चारांत, कुठलं पुस्तक लावावं, हा त्यांचा प्रश्न.

‘काय यायला हवं’ हे शब्द ऐकायला गुळगुळीत आहेत, म्हणून माझ्या वर्गातला एक तास सांगते. प्राथमिक शिक्षकांसाठीचं गणित. सरांनी फळ्यावर लिहिलं: ३ भागिले १/२. सगळ्यांनी उत्तर दिलं, सहा. कसं काढलं? दुसरी संख्या उलटी करून गुणलं. बरोबर. मग ते म्हणाले, आता या उदाहरणाला एक गोष्ट लावा, चौथीतल्या मुलाला कळेल अशी. वर्ग गप्प. एकीने सांगितलं, तीन पिझ्झे दोन मुलांत वाटले. पण तो झाला दोनने भागाकार, उत्तर दीड. दुसरी म्हणाली, तीन पिझ्झ्यांचा अर्धा भाग. तेही दीडच. मला अचानक आमच्या घरचा दूधवाला आठवला. तीन लिटर दूध आहे, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील? सहा. भागून उत्तर मोठं कसं आलं, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं. बारावीपर्यंत गणितात चांगले गुण मिळवूनही कळलं नव्हतं.

आता कराराच्या कागदावर दोन पद्धतींनी लिहिता येईल. ‘गणित, ३ क्रेडिट्स, अपूर्णांकांवरील क्रिया’ असं लिहिलं, तर प्रत्येकाला समोरच्याच्या वर्गाबद्दल शंका राहते. ‘अपूर्णांकाने भागण्याच्या उदाहरणाला योग्य प्रसंग रचता येतो आणि मुलाची चूक कुठे झाली ते सांगता येतं’ असं लिहिलं, तर शंकेला जागा फार थोडी उरते. येतं की नाही ते तपासता येतं. विद्यापीठाची भीतीही अशीच कमी होते, कारण मान्यता देणाऱ्या संस्थेला दाखवायला पुरावा हातात असतो.

भागीदारी बांधणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ याच बैठकांत जातो आणि तो जायलाच हवा. टेबलाशी कोण बसतं यावर बरंच ठरतं. फक्त शिक्षणशास्त्राचे लोक बोलावले आणि गणिताचे, विज्ञानाचे प्राध्यापक वगळले, तर गाडं पुढे तिथेच अडतं, कारण पहिल्या दोन वर्षांतली बरीच क्रेडिट्स त्यांच्या विभागांची असतात. क्रेडिट संगणकात प्रत्यक्ष नोंदवणाऱ्या कार्यालयातला माणूस पहिल्या दिवसापासून बसवावा, असं मी आग्रहाने म्हणेन. डीनने मान्य केलं आणि संगणकात नोंदच झाली नाही, तर विद्यार्थिनीच्या पानावर लाल अक्षरं तशीच राहतात. मेरीलँडमध्ये आर्टसिस नावाची ऑनलाइन यादी आहे. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात काय म्हणून धरला जातो, हे तिथे कुणालाही बघता येतं.

आणि तिसरा भिडू, शाळा. तिला लोक विसरतात. मेरीलँडमध्ये १९९५ मध्ये ठरलेल्या धोरणानुसार भावी शिक्षकाने सलग दोन सेमिस्टर्समध्ये मिळून १०० दिवस एका भागीदार शाळेत काढायचे असत. अशी शाळा बहुधा विद्यापीठाजवळ असते. विद्यार्थिनी राहते कम्युनिटी कॉलेजजवळ. म्हणजे पहिली दोन वर्षं घराजवळ झाली आणि खरी कसोटीची वेळ आली तेव्हा रोजचा लांबचा प्रवास, तोही बहुधा बिनपगारी. क्रेडिट्स सगळी मोजली गेली तरी माणूस इथे गळतो.

म्हणून हार्फर्ड परगण्यातलं उदाहरण मला आवडतं. बॉल्टिमोरच्या ईशान्येला बेल एअर नावाचं गाव आहे, तिथे हार्फर्ड कम्युनिटी कॉलेज आहे. टाउसन विद्यापीठाने २०१४ मध्ये त्याच्याच शेजारी स्वतःची इमारत उघडली आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे निवडक अभ्यासक्रम तिथे आणले, त्यात प्राथमिक आणि विशेष शिक्षणाचाही समावेश झाला. विद्यार्थिनी गाडी त्याच भागात लावायची, जवळच्या दुसऱ्या इमारतीत जायची आणि पदवी टाउसनची मिळायची. १८६६ मध्ये निघालेली संस्था इतक्या वर्षांनी गावापाशी परत आली, असं मला त्यात दिसतं.

टेनेसी राज्याने आणखी वेगळी वाट काढली. २०२२ च्या जानेवारीत शिक्षकीला तिथे केंद्रीय श्रम खात्याची ॲप्रेंटिसशिपची मान्यता मिळाली. असं करणारं ते पहिलं राज्य. सुतार किंवा वायरमन जसा काम करत, पगार घेत शिकतो, तसा भावी शिक्षक शाळेत पगारावर राहून पदवी घेतो. १०० बिनपगारी दिवसांच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मेरीलँडच्या कहाणीत एक पुढचा टप्पाही आहे. करार असूनही क्रेडिट नाकारली जात होती आणि कुणाला पत्ता लागत नव्हता. २०२१ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर बंधन घातलं: बदली होऊन आलेलं क्रेडिट नाकारलंत, तर का नाकारलं ते लिहून राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाला आणि ज्या कॉलेजातून ते आलं त्यालाही कळवा. आधी ‘नाही’ म्हणणं फुकट होतं. आता ‘नाही’साठी कारण लिहावं लागतं आणि ते पाठवणाऱ्या कॉलेजच्या हाती पडतं. त्या प्राध्यापकाला पहिल्यांदा समजतं की आपले विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात डी.एड. करून शाळेत लागायचं, नोकरी सांभाळून पदवी घ्यायची, मग बी.एड., अशी वाट पुष्कळांनी चालली आहे. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकासाठीची किमान पात्रता ठरवायचं म्हटलं आहे आणि २०२१ पासून क्रेडिट साठवायला ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आली आहे. बँकेत क्रेडिट जमा होणं हे ‘स्वीकारलं’ झालं. ते पदवीच्या कुठल्या रकान्यात मोजलं जाईल, हे तिथेही दोन संस्थांच्या प्राध्यापकांनीच बसून ठरवावं लागेल.

अमेरिकेत या वाटेला लागणाऱ्या मराठी मैत्रिणींना मी एकच काम सांगते. कम्युनिटी कॉलेजात पहिल्या विषयाचे पैसे भरण्याआधी, ज्या विद्यापीठात पुढे जायचं आहे तिथल्या शिक्षणशास्त्र विभागाच्या ॲडव्हायजरला ईमेल करा. ‘हे क्रेडिट तुम्ही घ्याल का?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. विचारा: ‘हा विषय माझ्या पदवीत नेमक्या कुठल्या विषयाच्या जागी मोजला जाईल?’ उत्तरात विषयाचा क्रमांक आला पाहिजे. आणि तो ईमेल जपून ठेवा. माझ्याकडे असा कागद असता, तर शैक्षणिक मानसशास्त्र मी एकदाच शिकले असते.